गणिताची भीती घालविणारा त्रिकोण

गणिताच्या अभ्यासाची वेळ झाली की अनेक घरांत ताण निर्माण होतो. ‘आम्हांला हे येत नाही’ असे म्हणून पालक बाजूला होतात आणि मूल एकटे पडते. अशा वेळी ‘जिओजेब्रा’ हे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली त्याच्या निर्मितीस आरंभ केला. घरगुती वापरासाठी ते विनामूल्य आहे.

पडद्यावर त्रिकोण काढून तिन्ही कोनांची मापे दर्शवावीत व मुलाला एक शिरोबिंदू माउसने ओढू द्यावा. कोन बदलत राहतात. त्यांची बेरीज मात्र १८० अंशच राहते. ‘काय बदलले? काय तसेच राहिले?’ एवढेच पालकांनी विचारावे. त्यासाठी उत्तर ठाऊक असण्याची आवश्यकता नाही.

मात्र असे का घडते, हे पडदा सांगत नाही. त्यासाठी कागदावर त्रिकोण काढून वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढावी. पायाजवळच्या दोन कोनांएवढेच व्युत्क्रम कोन वर तयार होतात आणि मधल्या कोनासह ते सरळ कोन पूर्ण करतात. हा शोध आईवडील व मुलांनी मिळून घेतला, तर गणिताची भीती हळूहळू ओसरू लागते.