खेळाडूचा भाव आणि खेळाडूचं मोल

१९३६ साली जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, एका हॉटेलात, नऊ फुटबॉल संघांची माणसं एकत्र बसली. समोर फळ्यावर कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या नव्वद तरुण खेळाडूंची नावं लिहिलेली होती. संघांनी पाळीपाळीनं एकेक नाव उचललं. नऊ फेऱ्या झाल्या, ८१ नावं संपली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकला गेला आणि तिथं त्यानं देशी व्यायामप्रकारांबरोबर कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं.

त्या वेळी कबड्डीच्या खेळाडूला बाजारभाव नावाची गोष्ट नव्हती. ती यायला ७८ वर्षं लागली. २०१४ मध्ये मुंबईत प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला. राकेश कुमार या खेळाडूवर १२ लाख ८० हजारांची सगळ्यांत मोठी बोली लागली, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर लागलेली बोली २ कोटी ६० लाखांच्या पुढं गेली. क्रिकेटचं तर विचारूच नका. हे आकडे येतात कुठून? माणसाचा भाव नेमका कशावरून ठरवतात? आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी अमेरिकेतली रीत समजून घेऊ. तिथला फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा पायानं खेळायचा खेळ नव्हे. लांबोळका चेंडू हातात धरून, समोरच्याला अंगानं रेटून पुढं जायचा तो खेळ आहे. १९३५ पर्यंत श्रीमंत संघ चांगले खेळाडू पैशाच्या जोरावर पळवायचे. गरीब संघ हरायचे, हरले की प्रेक्षक यायचे नाहीत, म्हणून आणखी गरीब व्हायचे. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी तोड सुचवली. गेल्या हंगामात जो संघ सगळ्यांत शेवटी राहिला, त्यानं नव्या खेळाडूंतून पहिली निवड करायची. जो जिंकला, त्यानं सगळ्यांत शेवटी. बेल यांचा स्वतःचाच संघ तेव्हा तळाला होता, हे खरं. पण कल्पना न्याय्य होती आणि ती टिकली. या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आज ३२ संघ दरवर्षी सात फेऱ्यांत अशी निवड करतात.

आपल्याकडंही हा प्रयोग झाला. इंडियन सुपर लीगनं भारतीय फुटबॉलपटूंसाठी मुंबईत ड्राफ्ट घेतले. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये प्रत्येक खेळाडूची रक्कम आधीच ठरलेली होती. अनस एडाथोडिका आणि युजेनसन लिंगडोह यांची सर्वाधिक, प्रत्येकी १ कोटी १० लाख. संघांनी फक्त पाळीनुसार नाव घ्यायचं. म्हणजे लिलावात बोलीनं भाव ठरतो, तर ड्राफ्टमध्ये तुम्ही कितव्या पाळीला उचलले गेलात, हाच तुमचा भाव.

आता संघ पारख कशी करतात? अमेरिकेत ड्राफ्टच्या आधी निवडक तरुणांना एका ठिकाणी बोलावतात. चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, किती सेकंदांत धावतो ते बघतात. सुमारे १०२ किलोचं वजन छातीवर किती वेळा उचलतो, जागच्या जागी किती उंच उडतो, तेही मोजतात. डॉक्टर सांधे तपासतात. मुलाखती होतात. कॉलेजच्या सामन्यांचं चित्रण तासन् तास पाहिलं जातं. कबड्डीत चढाईचे गुण, पकडींची यशस्विता, कोणत्या कोपऱ्यात उभा राहतो, या गोष्टी बघतात. क्रिकेटमध्ये धावा किती यापेक्षा त्या किती चेंडूंत आणि सामन्याच्या कोणत्या टप्प्यावर काढल्या, हे महत्त्वाचं.

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. जो उत्तम त्याला जास्त पैसे. पण तसं होत नाही. आणि ते का होत नाही, यातच सगळी मेख आहे.

पहिली गोष्ट म्हणजे भाव एकट्या खेळाडूचा नसतो. त्याच्यात आणि त्याच्या जागी सहज मिळू शकणाऱ्या दुसऱ्यात जेवढा फरक असेल, त्या फरकाचा असतो. समजा बाजारात उजव्या बाजूनं चढाई करणारे वीस चांगले खेळाडू आहेत आणि डावीकडून खेळणारे चारच. मग चौघांतला मध्यम खेळाडूसुद्धा विसांतल्या उत्तम खेळाडूपेक्षा महाग जातो. तो त्याच्यापेक्षा चांगला आहे म्हणून नाही, तर त्याला पर्याय नाही म्हणून.

दुसरी गोष्ट, घेणाऱ्याच्या खिशात किती उरलं आहे. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. २०२३ च्या कबड्डी लिलावात ती प्रत्येक संघाला पाच कोटींची होती. एकावर अडीच कोटी घातले की बाकीचा अख्खा संघ उरलेल्या अडीच कोटींत बांधायचा. सुरुवातीला नाव पुकारलं गेलं तर थैल्या भरलेल्या असतात. तोच खेळाडू शेवटी आला तर थैल्या रिकाम्या आणि जागाही भरलेल्या. आम्हा मुशायऱ्यात वाचणाऱ्या मंडळींना याचा अनुभव आहे. कवीला कितव्या नंबरावर बोलावलं यावरही दाद ठरते. गझल तीच असते, सभागृह तेच नसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. भाव हा झालेल्या खेळाचा नसतो, होणाऱ्या खेळाचा असतो. म्हणजेच तो अंदाज असतो. आणि हे समजायला आपल्या वरुड-मोर्शीच्या संत्राबागायतदाराइतका चांगला शिक्षक नाही.

झाडावर फळ असतानाच व्यापारी बागेत येतो. झाडं मोजतो, दोन-चार फांद्या वाकवून बघतो, फळाचा आकार पाहतो आणि उक्ता भाव सांगतो. सौदा जमला की इसार देतो. आता समजा एकाच बागेत दहा व्यापारी येऊन गेले. कुणी म्हणालं पंधरा टन निघेल, कुणी अठरा, कुणी वीस. एकानं पंचवीस धरले. बाग कुणाला मिळणार? अर्थातच पंचविसाचा अंदाज करणाऱ्याला. पण दहा जाणत्या माणसांतला हा सर्वांत मोठा अंदाज आहे. म्हणजे त्यातच चूक असण्याचा संभव सर्वांत जास्त. बोली जिंकला आणि सौद्यात बुडाला, असं होतं ते यामुळं. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ असंच नाव आहे. त्यात फळगळ आणि गारपीट तर कुणाच्याच हातात नाही.

खेळाडूंच्या बाबतीत हेच घडतं. १९३६ च्या त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव जे बर्वँगर या शिकागोच्या खेळाडूचं घेतलं गेलं. पैशांचं जमलं नाही आणि हा पहिला निवडलेला गडी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. १९९८ मध्ये पहिला कोण, पेटन मॅनिंग की रायन लीफ, यावर अमेरिकेत मोठा खल झाला. मॅनिंग पहिला गेला आणि महान ठरला. लीफ दुसरा गेला आणि थोड्याच वर्षांत खेळातून बाहेर पडला. उलट २००० साली टॉम ब्रेडी हा तरुण १९९वा निवडला गेला. म्हणजे त्याच्या आधी १९८ जण चांगले वाटले होते. चाळीस यार्डांत तो अगदीच संथ होता. घड्याळानं पाय मोजले, पण गर्दीत शांत राहून चेंडू कुणाकडं टाकायचा हे ओळखणारी नजर घड्याळाला दिसली नाही. ब्रेडीनं पुढं सात वेळा अजिंक्यपद मिळवलं.

आपल्या कबड्डीतली गारपीटही पाहा. २०२२ मध्ये तमिळ थलाइवाजनं पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. हंगामाच्या आपल्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो पूर्ण हंगाम बाहेर बसला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी विक्रमी रक्कम मोजली. पवन चांगलाच खेळला, पण संघ तळाला राहिला. एक माणूस सात जणांचा खेळ खेळू शकत नाही. त्या हंगामात जिंकली ती पुणेरी पलटण. त्यांनी इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर २ कोटी ३५ लाख जरूर खर्च केले होते. पण संघाचा कर्णधार होता अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोठ्या बोलीनं आणलेला नव्हे, तरुणपणीच हाताशी धरून वाढवलेला. विकत घेतलेलं आणि घरात वाढवलेलं, दोन्हींचा मेळ बसला तेव्हा चषक आला.

अमेरिकेतल्या संघांनी पाळ्यांचंही एक कोष्टक केलं आहे. १९९० च्या सुमारास डॅलसच्या संघानं ते तयार केलं. पहिल्या पाळीला ३००० गुण, दहाव्या पाळीला १३००, बत्तिसाव्या पाळीला ५९०. दोन संघांना पाळ्यांची अदलाबदल करायची असेल तर या गुणांवरून हिशेब जुळवायचा. पुढं रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या निवडी तपासल्या. एकाच जागी खेळणाऱ्या दोघांपैकी आधी उचललेला खेळाडू लगेच नंतर उचललेल्यापेक्षा सरस ठरण्याचं प्रमाण शंभरात सुमारे ५२ निघालं. नाणं उडवलं तर पन्नास येतं! त्यांचा निष्कर्ष असा की, संघ पहिल्या पाळ्यांना गरजेपेक्षा जास्त किंमत देतात, कारण प्रत्येकाला वाटतं, आपली पारख इतरांपेक्षा पक्की. याच थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आपल्या अमरावतीच्या पोराकडं येऊ. जितेश शर्मा. मुंबई इंडियन्सनं त्याला एकेकाळी १० लाखांत घेतलं होतं, पण एकही सामना खेळायला मिळाला नाही. २०२२ मध्ये पंजाबनं २० लाखांत घेतलं. खालच्या क्रमांकावर येऊन त्यानं झटपट धावा केल्या. २०२३ मध्ये भारताकडून खेळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात बंगळुरूनं त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. दहा लाखांचे अकरा कोटी झाले, म्हणजे एकशे दहा पट. खेळाडू एकशे दहा पट सुधारला का? नाही. तो सुधारला, हे नक्की. पण यष्टीही सांभाळणारा आणि शेवटच्या षटकांत तोफही डागणारा भारतीय खेळाडू दुर्मीळ आहे, आणि त्या दिवशी त्या संघाला तोच हवा होता.

त्याच लिलावात ऋषभ पंतवर लखनौनं २७ कोटी लावले होते. २७ मे २०२५ ला दोघं समोरासमोर आले. पंतनं नाबाद ११८ धावा केल्या. त्या दिवशी तो आपल्या किमतीला जागला. बंगळुरूसमोर २२८ धावांचं लक्ष्य होतं. त्या सामन्यापुरता कर्णधार असलेल्या जितेशनं ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून सामना जिंकून दिला. थोड्याच दिवसांनी बंगळुरूनं पहिल्यांदा आयपीएल जिंकली. यावरून जितेश पंतपेक्षा मोठा ठरत नाही. एवढंच कळतं की, कोटींचा आकडा मैदानात बॅट धरून उभा राहत नाही.

याच लिलावात अकोल्याचा अथर्व तायडे ३० लाखांना हैदराबादकडं गेला. किती तरी नावांना तर बोलीच लागली नाही. पडद्यावर त्यांच्या नावापुढं ‘अनसोल्ड’ असा शब्द येतो. मला हा शब्द खटकतो. ‘विकला गेला’ आणि ‘विकला गेला नाही’ ही भाषा मालाची आहे. संघ माणूस विकत घेत नाहीत, त्याचा काही हंगामांचा खेळ करारानं घेतात. पण घरी टीव्हीसमोर बसलेले आईबाप आणि गावातली पोरं तो शब्द तसाच उचलतात. बोली लागली नाही म्हणजे पोरगा कामाचा नाही, असं गाव ठरवून टाकतं.

दर्यापूर, अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर इथल्या मैदानांवर आजही मातीत कबड्डी खेळणारी पोरं आहेत. मोठ्या स्पर्धा मॅटवर, बूट घालून होतात. पारखी माणूस ज्याला पाहतो त्याचाच अंदाज करतो. जो निवड चाचणीपर्यंत पोहोचलाच नाही, त्याचा अंदाजही कुणी करत नाही आणि चूकही कुणाच्या लक्षात येत नाही. १९९ नंबरचा ब्रेडी निदान यादीत तरी होता. म्हणून तालुक्याला मॅट, मैदानावर जाणता मार्गदर्शक आणि पोराला चाचणीला जायचं गाडीभाडं, या तीन गोष्टी लिलावातल्या कोटींपेक्षा आपल्या कामाच्या आहेत.

आणि पोरांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. भाव घेणाऱ्याची गरज सांगतो, त्याचा खिसा सांगतो, त्याचा अंदाज सांगतो. मोल खेळणाऱ्याजवळ असतं. संत्र्याच्या झाडाला व्यापाऱ्यानं काय भाव केला हे माहीत नसतं. त्याला पाणी मिळालं, निगा राहिली, तर ते बहराला येतंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)