गाईच्या कानातला क्रमांक कोणासाठी?

दिल्लीतील कारभाराला गेल्या दीड दशकात क्रमांकांचा ध्यास लागला आहे. माणसाच्या बारा अंकी ‘आधार’चा आरंभ २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावातून झाला. पुढे जमिनीच्या तुकड्याला चौदा अंकी ‘भू-आधार’ मिळू लागला. गाईम्हशींच्या कानात बारा अंकांचा पिवळा बिल्ला आला, तर त्यालाही ‘पशु आधार’ हेच नाव पडले. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्रेटर नोएडा येथे भरलेल्या जागतिक दुग्ध परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हेच नाव घेऊन या मोहिमेचा गौरव केला होता. असे ३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेल्याचे केंद्र सरकार सांगते. आकडा डोळे दिपवणारा आहे. परंतु हा क्रमांक नेमका कोणाच्या उपयोगासाठी आहे, या प्रश्नाचे उत्तर राजधानीतील दोन कार्यालये दोन प्रकारे देतात. या मोहिमेचे भवितव्य त्या दोन उत्तरांमधील अंतरावर अवलंबून आहे.

पहिले उत्तर कृषी भवनाचे. २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी ‘पशुधन संजीवनी’ योजना आणि जनावरांच्या आरोग्यपत्रिकेची घोषणा केली. तिला धरून २०१७ च्या आरंभी दुभत्या जनावरांना बिल्ले लावण्याचे काम हाती घेण्यात आले. बिल्ला दिसायला साधा आहे. प्लास्टिकच्या दोन चकत्या, त्यांवर बारा अंक आणि बारकोड. त्यात विजेचे काही नाही, चिप नाही. महत्त्व आहे ते त्या अंकांमागे संगणकात उघडणाऱ्या पानाला. जात, वय, वेत, रेतन, लस आणि त्याबरोबरच मालकाचे नाव, गाव व मोबाइल क्रमांक तेथे नोंदवला जातो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने उभारलेल्या ‘इनाफ’ या प्रणालीत ही नोंद सुरू झाली. आता ‘भारत पशुधन’ या नावाने ती चालते.

दुसरे उत्तर तेव्हा नॉर्थ ब्लॉकमध्ये असलेल्या गृहमंत्रालयाचे. बांगलादेश सीमेवरील गुरांच्या तस्करीबाबतची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. तीत एप्रिल २०१७ मध्ये केंद्राने गृहमंत्रालयाच्या सहसचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशी सादर केल्या. प्रत्येक गाईला आणि तिच्या वासरांना देशभर एकच ओळखक्रमांक असावा. वय, जात, लिंग, उंची, रंग, शिंगांचा प्रकार, शेपटीचा गोंडा, विशेष खुणा यांची नोंद असावी. सोडून दिलेल्या जनावरांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान पाचशेंचा निवारा असावा, अशा त्या शिफारशी होत्या. कृषी भवनाने आरोग्यासाठी मागितलेला क्रमांक येथे सीमेवरच्या पहाऱ्यासाठी मागितला गेला.

कल्पना म्हणून यात नवे काही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘गोध्यक्ष’ हा अधिकारीही गुरांचे डाग, जन्मखुणा, रंग आणि शिंगांमधील अंतर नोंदवून ठेवी. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून गावोगावी कोंडवाड्यांना कायद्याची चौकट दिली. राज्यसंस्थेला गुरे कोणाची हे नेहमीच जाणून घ्यायचे असते. पूर्वी ही माहिती गावच्या वहीत राहत असे आणि गावाबाहेर तिचा उपयोग फारसा नसे. आता ती क्षणात लखनौपासून लातूरपर्यंत कोणत्याही टेबलावर उघडू शकते. फरक पडला आहे तो येथे.

आरोग्याची बाजू प्रथम पाहू, कारण ती खरोखरच भक्कम आहे. लाळ्या खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्ध सुमारे १३ हजार कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झाला. लाळ्या खुरकूताची लस वर्षातून दोनदा द्यावी लागते. २०१९ च्या पशुगणनेत गोवंश सवा एकोणीस कोटी आणि म्हशी अकरा कोटींच्या आसपास होत्या. एवढ्या जनावरांमध्ये कोणाला लस मिळाली आणि कोणाचे वासरू राहून गेले, हे क्रमांकाशिवाय सांगता येत नाही. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने देशभरात एक लाखाहून अधिक गुरे मारली, त्या वेळी महाराष्ट्राने दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत जाहीर केली. अशा मदतीच्या वाटपात मेलेले जनावर कोणाचे होते हा पहिला प्रश्न असतो. शिवाय म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातील आघाडीचा देश असूनही, लाळ्या खुरकूतामुळे श्रीमंत बाजारपेठांची दारे त्याला बंद आहेत. रोगमुक्त क्षेत्र घोषित करण्यासाठी केंद्राने ज्या राज्यांवर लक्ष केंद्रित केले आहे, त्यांत महाराष्ट्रही आहे. जनावरांचा माग लागल्याखेरीज रोगमुक्तीचा दावा आंतरराष्ट्रीय स्तरावर टिकत नाही.

दुसरी बाजू पैशाची. कर्जाच्या गाईच्या कानात विमा कंपनीचा बिल्ला असणे ही ग्रामीण भागाला जुनी ओळखीची गोष्ट. ‘बिल्ला नाही तर भरपाई नाही’ ही अट एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या काळापासून शेतकरी ऐकत आला आहे. त्या काळात एकच म्हैस कागदोपत्री किती दावणींना बांधली गेली, हे ज्यांनी तालुक्याला नोकरी केली त्यांना सांगायला नको. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ही अट फार पुढे नेली. गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान हवे असेल तर कानात बिल्ला हवा, असे वर्षाच्या आरंभी ठरले. त्यानंतर १ जून २०२४ पासून बिल्ल्याविना खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही, नैसर्गिक आपत्तीत किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावल्यास भरपाई नाही, असा दंडक आला. ऐच्छिक म्हणून सुरू झालेली सोय अशा रीतीने कायदेमंडळात चर्चा न होताच अनिवार्य बनली. माणसांच्या ‘आधार’चा प्रवासही आरंभी याच वाटेने झाला होता. मात्र तेथे प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला आणि काही मर्यादा आखल्या गेल्या. गाईच्या क्रमांकाला अशी मर्यादा कोणी आखलेली नाही.

तिसरी बाजू पोलिसी आहे, आणि खरे राजकारण तेथे आहे. केंद्राने एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयात ओळखक्रमांकाची शिफारस मांडली आणि मे महिन्यातच पशुबाजारांविषयीचे नवे नियम काढले. बाजारात आणलेले जनावर शेतीच्याच कामासाठी विकत घेतले जात आहे, असे लिहून देण्याची सक्ती त्यांत होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने त्यांना स्थगिती दिली आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली. नियम अडले, पण बिल्ला आणि गोरक्षणाचे राजकारण यांची गाठ लोकांच्या मनात पडली ती पडलीच.

ही गाठ किती महाग पडते, याचा अनुभव गुजरातने घेतला. मार्च २०२२ च्या अखेरीस तेथील विधानसभेने शहरी भागातील गुरांच्या नियंत्रणाचे विधेयक मंजूर केले. गुरे पाळण्यासाठी परवाना आणि प्रत्येक जनावराला बिल्ला. बिल्ला न लावल्यास दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. रस्त्यावरच्या मोकाट गुरांनी त्रस्त झालेल्या शहरवासीयांना ते हवेच होते. पण पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणारा मालधारी समाज रस्त्यावर उतरला आणि सप्टेंबरमध्ये त्याने दूध बंद केले. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. राज्यपालांनी विधेयक परत पाठवले आणि २१ सप्टेंबर २०२२ रोजी सभागृहाने ते मागे घेतले. ज्या पक्षाचे सरकार दिल्लीत ‘पशु आधार’चा गौरव करत होते, त्याच पक्षाच्या राज्य सरकारला त्याच महिन्यात बिल्ल्याची सक्ती सोडावी लागली. लशीसाठी कान पुढे करणारा पशुपालक तुरुंगासाठी तो करत नाही, एवढाच याचा अर्थ.

शेतकऱ्याच्या विरोधामागे अडाणीपणा शोधण्याची राजधानीला सवय आहे. प्रत्यक्षात त्यामागे गोठ्याचा साधा हिशेब असतो. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे थकलेल्या बैलाला आणि भाकड गाईला बाजारात मोल उरले नाही, आणि सांभाळण्याचा खर्च मात्र रोजचा. उत्तर प्रदेशात मोकाट गुरांचा प्रश्न इतका पेटला की फेब्रुवारी २०२२ मध्ये उन्नावच्या प्रचारसभेत पंतप्रधानांना त्यावर तोडगा काढण्याचे आश्वासन द्यावे लागले. अशा स्थितीत कानातील क्रमांक म्हणजे शेवटच्या मालकाचा पत्ता. जनावर सोडून देण्याची वेळ आलेला माणूस आधी तो पत्ता मिटवणार, आणि बिल्ला कापायला विळा पुरतो. बाजारात जनावर विकले पण संगणकात नाव बदलले नाही, तर उद्या ते ट्रकमध्ये पकडले गेल्यास पोलिस कोणाच्या दारात येतील, ही भीतीही काल्पनिक नाही.

याचा परिणाम रोगनियंत्रणावर होतो. कापलेल्या बिल्ल्याचे जनावर लशीच्या यादीतूनही निसटते. विक्रीची नोंद टळते, तशी मृत्यूचीही टळते. मेलेले जनावर शेताच्या कडेला पुरले जाते आणि संगणकात ते जिवंतच राहते. दिलेल्या क्रमांकांचा आकडा वाढत जातो, पण गोठ्यात आज काय उभे आहे हे त्यावरून कळत नाही. पोलिसी धाकामुळे आरोग्याची वही खोटी ठरते. आणि खोटी वही साथीच्या दिवसांत वही नसण्याहून घातक असते.

अमेरिकेने हा धडा आपल्या आधी घेतला. डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात ‘मॅड काऊ’ रोगाची गाय सापडल्यानंतर तेथील कृषी खात्याने राष्ट्रीय पशू-ओळख योजना आणली. छोटे पशुपालक, खासगीपणाचे कैवारी आणि धार्मिक कारणाने क्रमांकच नाकारणारे आमिष शेतकरी यांनी तिला एकमुखाने विरोध केला. १२ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाल्यावर, फेब्रुवारी २०१० मध्ये कृषिमंत्री टॉम व्हिलसॅक यांनी ती गुंडाळली. त्यानंतर २०१३ मध्ये राज्याची सीमा ओलांडणाऱ्या जनावरांपुरता मर्यादित नियम आला. अशा ठरावीक वर्गांतील गुरांसाठी इलेक्ट्रॉनिक बिल्ला सक्तीचा व्हायला नोव्हेंबर २०२४ उजाडले. याउलट उरुग्वेने २००६ मध्ये सक्ती केली ती बिल्ले फुकट देऊन, आणि मांसाच्या निर्यातीचा फायदा पशुपालकाला दिसेल अशा बेताने. ऑस्ट्रेलियात गुरांसाठी इलेक्ट्रॉनिक बिल्ला २००५ पासून देशभर आहे. मेंढ्या-बकऱ्यांसाठी मात्र तो १ जानेवारी २०२५ नंतर जन्मणाऱ्या पिलांपासून सक्तीचा झाला. घाई कोणी केली आणि कोण टिकले, हे यावरून दिसते.

आपल्याकडेही आता इलेक्ट्रॉनिक बिल्ल्याची भाषा सुरू आहे. त्याचे फायदे उघड आहेत. बारकोड वाचायला जनावर धरावे लागते. चिप असेल तर बाजाराच्या फाटकातून जातानाच नोंद होते. पण दोन-तीन जनावरांच्या मालकाला या वेगाचा उपयोग किती, आणि वाढीव खर्च कोण सोसणार? पावसाळा संपताच घाटावरून कोकणात उतरणाऱ्या धनगराच्या मेंढरांची नोंद कोणत्या गावात करणार? ज्या तालुक्यात पशुधन विकास अधिकाऱ्याचे पद रिकामे असेल, तेथे चिप वाचायला कोण जाणार? यंत्र बदलल्याने हे प्रश्न सुटत नाहीत. उलट चिप आली की माग काढणे सोपे होते, आणि मग तो कोणी काढावा हा प्रश्न अधिकच टोकदार बनतो.

म्हणून चर्चा चिपची होण्याआधी कायद्याची व्हायला हवी. संसर्गजन्य पशुरोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात लस दिलेल्या जनावरावर खूण करण्याची आणि दाखला देण्याची तरतूद आहे. पण त्या खुणेमागे साठणारी माहिती कोणी, कशासाठी वापरावी याविषयी तो काही सांगत नाही. आरोग्यासाठी गोळा केलेली नोंद न्यायालयाच्या आदेशाविना तपास यंत्रणांना मिळणार नाही, एवढे एक कलम घातले तरी निम्मा अविश्वास दूर होईल. विक्री आणि मृत्यूची नोंद मालकाला फोनवरून, खर्चाविना करता यावी. आणि भाकड जनावराची जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही, हे २०१७ च्या समितीनेच मान्य केले होते. ती शिफारस बिल्ल्याइतक्याच तत्परतेने अमलात यायला हवी होती.

कृषी भवन आणि गृहमंत्रालय यांपैकी कोणाचे उत्तर खरे, हे सरकारला एकदा ठरवावे लागेल. एकच वही डॉक्टर आणि फौजदार दोघांच्या हाती दिली, तर शेतकरी तीत खरे लिहू देणार नाही. आणि मग लाळ्या खुरकूताची पुढची साथ येईल, तेव्हा ३० कोटी क्रमांक असूनही ती कोणत्या गोठ्यातून निघाली हे दिल्लीला सांगता येणार नाही.