जिमसाठी ॲप कुठलं? दोन सेटच्या मधल्या वेळेत तपासा

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "दादा, वेट ट्रेनिंगची नोंद ठेवायला कुठलं ॲप घेऊ?" यावर मी उलटा प्रश्न विचारतो. मागच्या आठवड्यात स्क्वॉटला किती वजन लावलं होतं आणि किती रेप निघाले? आठवत नसेल, तर आज किती लावायचं हे कशावरून ठरवणार?

ताकद वाढते ती भार थोडा थोडा वाढवत नेल्याने. १९४०च्या दशकात अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डिलोर्म यांनी जखमी सैनिकांवर हेच केलं. दहा रेप जेमतेम निघतील ते वजन शोधायचं आणि ताकद येईल तसं ते वाढवायचं. म्हणजे मागचा आकडा हवाच. तो वहीतही चालतो. ॲप घेणार असाल, तर माझ्या तीन कसोट्या अशा.

पहिली कसोटी: सेट संपला, धाप लागलीय, हात घामेजलेत. अशा वेळी मागचा आकडा समोर दिसतो का, आणि नवा आकडा दोन-तीन टॅपमध्ये भरता येतो का? मध्येच जाहिरात आली किंवा बेसमेंटमधल्या जिमला नेटवर्क नाही म्हणून ॲप अडकलं, तर आठवडाभरात तुम्ही नोंद करणं सोडून द्याल.

दुसरी कसोटी: ॲप तुमच्या जिमला जुळतं का? वजन किलोत आहे की पाउंडात, ते आधी बघा. बरीच ॲप्स रॉड २० किलोचा धरतात. आपल्याकडच्या छोट्या जिममध्ये तो हलका असू शकतो. रॉड हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, स्वतःचं वजन वजा करा आणि तो आकडा ॲपमध्ये टाका.

दुसरं म्हणजे, सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून थेट ५ किलो वाढतात. ४० वरून ४५ ही मोठी उडी झाली. मग आधी त्याच वजनावर ८ चे १२ रेप करायचे, मग वजन वाढवायचं. ही रेपमधली प्रगतीही ॲपने दाखवायला हवी. जोर, सपाटे, मुद्गल करत असाल, तर स्वतःचे व्यायाम जोडता येतात का, तेही तपासा.

तिसरी कसोटी लोक विसरतात: नोंदी बाहेर काढता येतात का? ॲप बंद पडू शकतं, सबस्क्रिप्शन महाग होऊ शकतं, फोन हरवू शकतो. दोन वर्षांची मेहनत त्यासोबत जायला नको. सेटिंग्जमध्ये 'एक्स्पोर्ट' शोधा. सीएसव्ही फाइल निघाली, तर ती एक्सेलमध्येही उघडते.

आता नावं. स्ट्राँग आणि हेवी ही दोन्ही लोकप्रिय आहेत, दोन्हींतून सीएसव्ही निघते. मात्र मोफत वापरात किती रुटीन ठेवता येतात यावर मर्यादा आहे. अँड्रॉइडवरचं फिटनोट्स साधं आहे, दिसायला जुनाट, पण काम चोख. गुगल शीट्सही चालतं, फक्त जिममध्ये बोटांनी भरायला किचकट.

एक सावधगिरी. ॲप 'वन रेप मॅक्स' दाखवतं, तो अंदाज असतो. एक प्रचलित सूत्र असं: रेपला ३० ने भागा, त्यात १ मिळवा आणि वजनाने गुणा. ६० किलोचे ८ रेप मारले की उत्तर येतं ७६. याचा अर्थ उद्या एकट्याने ७६ किलो छातीवर घ्यायचे, असा नाही! प्रगती मोजायला तो आकडा ठीक. जड बेंच मारताना मागे माणूस उभा हवाच.

तर वर्षाचे पैसे भरण्याआधी एवढं करा: दोन ॲप्स मोफत उतरवा, एक आठवडा एक, पुढचा आठवडा दुसरं. शेवटी दोन्हींतून फाइल काढून बघा. जिथे नोंद करताना वैताग आला नाही आणि फाइल नीट निघाली, ते तुमचं ॲप.

तुम्ही कुठलं निवडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!