जिवंत मेंढ्याच्या मांसाचे पूर्वानुमान

माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे ओळखले जाणारे चेन्नईचे शोळिंगनल्लूर उपनगर ज्या किनारी प्रदेशात वसले आहे, तो चेंगलपट्टू-कांचीपुरम-तिरुवल्लूर पट्टा ‘मद्रास रेड’ या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या मेंढीचे मूळ क्षेत्र होय. या जातीच्या सुधारणेचे कार्य कट्टुपाक्कम येथे, तर महाराष्ट्रातील दख्खनी मेंढीचे कार्य राहुरीच्या कृषी विद्यापीठात हाती घेण्यात आले. पैदाशीसाठी नर निवडताना सहा महिन्यांच्या वयाचे वजन हा अशा कार्यक्रमांतील प्रमुख निकष राहिला आहे.

मात्र वजनावरून मांस किती आणि चरबी किती, हे उलगडत नाही. पोटातील चारापाणीही वजनात मोजले जाते. प्रत्यक्ष मांस पाहावयाचे तर जनावर कापावे लागते आणि कापलेला नर पैदाशीसाठी उरत नाही. ही अडचण श्राव्यातीत ध्वनीमुळे दूर होऊ शकते.

मानवी कानास सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. या तपासणीत सामान्यतः ३.५ ते ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरतात. ऊतींमध्ये त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. त्वचा, चरबी व स्नायू यांच्या सीमारेषांवरून तो परावर्तित होतो. प्रतिध्वनीस लागलेल्या वेळेवरून खोली काढली जाते. दोन सेंटिमीटर खोलीसाठी हा वेळ सुमारे २६ मायक्रोसेकंद असतो. बाराव्या व तेराव्या फासळीदरम्यान पाठीच्या लांब स्नायूची व त्यावरील चरबीची जाडी मोजतात. हवेचा अडसर टाळण्यासाठी तेथील लोकर कातरून जेल लावतात.

हे गुण मध्यम प्रमाणात आनुवंशिक असल्याने निवडीचा लाभ पुढील पिढीस मिळतो. ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘लॅम्बप्लॅन’ने अशी मोजमापे नरांच्या मूल्यांकनात आणली.

भारतात मात्र दोन मर्यादा संभवतात. चरून वाढणाऱ्या देशी मेंढ्यांत त्वचेखालील चरबीचा थर पातळ असतो. तेथे एक मिलिमीटरची चूकही मोठी ठरते. त्यामुळे स्नायूची जाडी हे अधिक उपयुक्त माप होय. दुसरे म्हणजे, बाजारात जनावर बहुधा नगावर, नजरेने वा पाठ चाचपून विकले जाते. अधिक मांसाचा मोबदला मेंढपाळास मिळेलच असे नाही.

म्हणून या तंत्राचे योग्य स्थान बाजार नसून पैदास केंद्र आहे. एका नराची संतती अनेक कळपांत पसरते. केंद्रात मोजक्या नरांची तपासणी झाली, तर यंत्राचा खर्च न उचलताही त्याचे फळ लहान मेंढपाळाच्या कळपापर्यंत पोहोचू शकेल.