लेखांक 6 : डेकखालचा गंज

गेल्या आठवड्यात आपण डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा बदलल्या. खर्च झाला, नव्या तारा उन्हात चमकू लागल्या, की मालकाला वाटते सुटलो एकदाचे. पण तारेचे खालचे टोक ज्या पट्टीत अडकते ती पट्टी, म्हणजे चेनप्लेट, नौकेच्या जन्मापासूनची असेल तर तारांवरचा पैसा निम्मा वाया गेला समजा. 8 मिलिमीटरची स्टेनलेस तार तुटायला सुमारे 5 टनांची ओढ लागते. एवढी ओढ पेलायची ती हातभर लांबीच्या एका पट्टीने आणि तिच्या चार-पाच बोल्टांनी. पट्टी तुटली तर त्या बाजूची तार सुटते आणि वारा भरलेल्या शिडासकट डोलकाठी पाण्यात जाते.

जुनी नौका म्हणजे भंगार, असे मात्र नव्हे. गोल्डन ग्लोब शर्यतीचा तर नियमच आहे की नौकेचा आराखडा 1988 पूर्वीचा हवा. अभिलाष टॉमी यांनी 2022-23 च्या शर्यतीत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरा क्रमांक मिळवला, ती त्यांची ‘बायानात’ रस्टलर 36 या जुन्याच आराखड्याची. फायबरग्लासचे अंग नीट सांभाळले तर पन्नास वर्षेही काढते. त्यात बसवलेल्या धातूचे वय मात्र वेगळे मोजावे लागते.

1970-80 च्या दशकांतल्या बऱ्याच नौकांत चेनप्लेट डेकमधल्या चिरेतून खाली केबिनमध्ये उतरते आणि तिथल्या प्लायवूडच्या आडभिंतीला, म्हणजे बल्कहेडला, बोल्टांनी जखडलेली असते. दिसायला सुबक, पण रोगाचे मूळ ही चीरच. तिथले सीलंट काही वर्षांत कडक होते, तडकते आणि खारे पाणी आत झिरपते. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. क्रोमियम हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रा धरते आणि तो खरवडला गेला तरी पुन्हा धरतो. चिरेत अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन मात्र संपून जातो, नवा येत नाही. पापुद्रा दुबळा पडतो, मिठातले क्लोराइड तिथे गोळा होते, साचलेले पाणी आम्लधर्मी होत जाते आणि धातू खात सुटते. एकदा सुरू झालेला हा गंज स्वतःच स्वतःला पोसतो. म्हणून डेकच्या वरचा भाग आरशासारखा लखलखत असतो आणि बोटभर खाली तीच पट्टी पोखरलेली असते. वरून पॉलिश करून ‘चांगली आहे’ म्हणणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही. बाहेर काढल्याशिवाय चेनप्लेट कळत नाही.

काढताना एका वेळी एकच. शीड वर चढवायचा एखादा मजबूत दोर त्या बाजूच्या कठड्याजवळ बांधून ताणून घ्यावा, मगच तारेचा ताण कमी-जास्त करणारा टर्नबकल सैल करावा. नट बहुधा सहज फिरत नाहीत. स्टेनलेसवर स्टेनलेस घासले की आटे एकमेकांत रुततात. अशा वेळी बोल्ट सरळ कापलेला बरा. पट्टी हातात आली की डेकच्या जाडीत बसणारा भाग पाहा. तपकिरी चिखल धुतल्यावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसतात. काही वेळा वरच्या बोल्टच्या भोकातून कडेकडे गेलेली केसाएवढी चीर असते. डोळ्यांना दिसली नाही तर लाल रंगद्रव्य फवारून, पुसून, वर पांढरी भुकटी मारायची. चिरेत उरलेला रंग भुकटीवर लाल रेघ होऊन उमटतो. मात्र रेघ उमटली नाही म्हणून चाळीस वर्षांची पट्टी परत बसवू नये. नव्या पट्टीचा खर्च नव्या डोलकाठीपुढे काहीच नाही.

आता खरे काम. पट्टी काढल्यावर बल्कहेडमध्ये स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. टोक सहज आत गेले तर प्लायवूड कुजले आहे आणि नवी पट्टी त्यावर बसवणे म्हणजे वाळूत खांब रोवणे. चांगले लाकूड लागेपर्यंत कापून नवे मरीन प्लाय जोडावे लागते. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असेल तर चिरेभोवतालचे भिजलेले लाकूड कोरून काढून तिथे घट्ट कालवलेले इपॉक्सी भरायचे, ते सुकल्यावर त्यातून नवी चीर पाडायची. पुढे कधी सीलंट फुटले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. या दोन कामांना पट्ट्यांपेक्षा अधिक दिवस लागतात, आणि कंत्राटाच्या अंदाजपत्रकात नेमकी तीच नसतात.

नव्या पट्टीसाठी 316 जातीचे स्टील घ्यावे. त्यातले मॉलिब्डेनम क्लोराइडला अधिक दाद देत नाही, तरी तेही अमर नव्हे. टायटेनियम समुद्राच्या पाण्यात जवळपास गंजतच नाही, पण महाग. जागा असेल तर मूळच्यापेक्षा थोडी जाड पट्टी करावी. फक्त वरच्या भोकातली पिन टर्नबकलच्या जबड्यात बसते का ते आधी पाहावे. वरचा भाग तारेच्या ओढीच्या रेषेतच वाकलेला हवा, नाहीतर प्रत्येक झोक्यासरशी तो वाकत राहतो आणि थकून तुटतो. जुन्या अमेरिकी नौकांत भोके इंचात असतात. 3/8 इंच म्हणजे 9.5 मिलिमीटर, बाजारातला 10 चा बोल्ट त्यात शिरत नाही. कारखान्यात जुनी पट्टीच नमुना म्हणून द्या आणि माप कोणत्या पद्धतीत आहे ते कागदावर लिहून द्या.

सीलंटबाबत माझे मत ठाम आहे. कायमचे चिकटणारे पॉलियुरेथेन इथे नको, ब्युटाइल टेप बरी. पुढच्या माणसाला पट्टी तपासायला काढता आली पाहिजे. बसवून झाल्यावर डेकवर दहा मिनिटे पाइपने पाणी सोडा आणि आत चिरेखाली टिश्यू पेपर धरा. पहिल्या जोरदार वाऱ्यातून परतल्यावर तारांचा ताण आणि बोल्ट पुन्हा तपासा. नवे लाकूड थोडे दबलेले असते.

पुढील लेखांक : सुकाणूचा दांडा आणि त्याचे बेअरिंग