पंचगंगेसमोरची बोट आणि हिंजवडीचं वीजबिल

काशीतला पंचगंगा घाट मराठी माणसाला परका नाही. घाटावरचं बिंदुमाधवाचं आजचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं, आणि अहिल्याबाईंची म्हणून ओळखली जाणारी हजार दिव्यांची दगडी दीपमाळ त्रिपुरी पौर्णिमेला अजून पेटते. याच घाटासमोरून आता एक बोट जाते, जिच्यात पुण्याच्या कामाचा वाटा आहे. नमो घाटाहून ललिता घाटाकडे निघालेली ही बोट हायड्रोजनवर चालते. ती बांधली कोचीन शिपयार्डने. तिच्यातल्या इंधनघटाचं, म्हणजे फ्युएल सेलचं, काम पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीजबरोबर झालं. 28 फेब्रुवारी 2024 ला तिचं लोकार्पण झालं आणि डिसेंबर 2025 मध्ये ती वाराणसीत प्रवाशांसाठी सुरू झाली.

तंत्रज्ञान कंपनीने पर्यावरणावरचा आपला भार कमी कसा करायचा, हे समजून घ्यायला ही बोट चांगलं उदाहरण आहे. कारण हिशेब कुठून धरायचा आणि कुठे थांबवायचा, हा या विषयातला सगळ्यात अवघड भाग तिच्यात उघडा दिसतो.

आधी यंत्र पाहू. बोट 24 मीटर लांब, दोन सांगाड्यांची, 50 प्रवाशांची. तिच्यावर पाच टाक्यांत मिळून 40 किलो हायड्रोजन राहतो आणि तेवढ्यावर ती आठ तास चालू शकते. इंधनघट 50 किलोवॉटचा आहे. त्यात काहीही जळत नाही. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. मधे पातळ पडदा आणि त्याला लागून प्लॅटिनमचा लेप. लेपाजवळ हायड्रोजनचा अणू फुटतो. त्यातला प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातो. इलेक्ट्रॉनला ती वाट बंद असल्याने तो तारेतून वळसा घालून जातो. तारेतला हा प्रवाह म्हणजेच वीज. पलीकडे दोघांची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि पाणी तयार होतं. म्हणून या बोटीला धूर नाही, डिझेल इंजिनाची धडधड नाही. वाराणसीत गंगेतल्या बऱ्याच डिझेल बोटी 2021 पासून गेल या सरकारी वायू कंपनीच्या मदतीने सीएनजीवर आणल्या गेल्या. त्याने काळा धूर कमी झाला, पण सीएनजी जळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच.

घाटावर उभं राहून पाहिलं तर हिशेब इथे संपतो. पण हायड्रोजन कुठून आला?

एक किलो हायड्रोजनमधून इंधनघटात ढोबळमानाने 16 युनिट वीज मिळते. तेवढंच काम डिझेल इंजिनाकडून करून घ्यायला चार लिटरच्या वर डिझेल लागेल आणि एका लिटरमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे 11 किलोच्या आसपास. आता तोच एक किलो हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनवला असेल, तर कारखान्यातच 9 ते 10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. पाण्याचं विघटन करून बनवायचा तर 50 युनिटच्या वर वीज लागते. ती वीज आपल्या ग्रिडमधून घेतली, तर भारतात एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो या दराने 35 किलोच्या पुढे आकडा जातो, म्हणजे डिझेलच्या तिप्पट! आणि तीच वीज सूर्य किंवा वाऱ्यापासून घेतली तर? भारताने 2023 मध्ये ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे हायड्रोजनला ‘हरित’ म्हणायचं असेल, तर एका किलोमागे उत्सर्जन 2 किलोपेक्षा जास्त चालत नाही. बोट तीच, घाट तोच, आणि उत्तर 2 पासून 35 पर्यंत कुठेही.

म्हणून अशा बोटीच्या कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न टाकीत भरलेला हायड्रोजन कशापासून बनला त्याच्या दाखल्याचा. दुसरा प्रश्न, इथे बॅटरी चालली नसती का? जवळच्या फेऱ्यांना बॅटरी सरस पडते, कारण विजेपासून हायड्रोजन आणि हायड्रोजनपासून पुन्हा वीज या फेऱ्यात निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. कोची वॉटर मेट्रोच्या बॅटरीवरच्या बोटीही कोचीन शिपयार्डच्याच आहेत आणि 2023 पासून चालू आहेत. हायड्रोजनचं बळ लांब पल्ल्यात आणि चटकन भरण्यात आहे. वाराणसीची बोट हा पथदर्शी प्रयोग आहे, आणि प्रयोग म्हणून तो करायलाच हवा होता असं मला मनापासून वाटतं.

हिशेबाचा हाच प्रश्न आता पुण्याच्या आयटी कंपन्यांच्या हिंजवडीत घेऊन जाऊ. सॉफ्टवेअर कंपनीला धुराडं नसतं. तिचा भार येतो वीजबिलातून. महिन्याला एक लाख युनिट वापरणारं कार्यालय घ्या: 0.7 ने गुणलं की 70 टन. यातला मोठा वाटा एसीचा. त्यावर काय करता येतं ते इन्फोसिसने हैदराबादच्या आवारात करून पाहिलं. इमारत एकच, पण अर्ध्या भागात नेहमीची थंड हवा, अर्ध्या भागात स्लॅबमध्ये पुरलेल्या नळ्यांतून थंड पाणी. पाण्याच्या भागाला थंड ठेवायला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. मला हा प्रयोग आवडतो, कारण तुलना शेजारच्याच खोल्यांशी आहे, कागदावरच्या अंदाजाशी नाही.

आधी वापर कमी, मग उरलेली वीज स्वच्छ, हा क्रम उलटा करू नये. 2022 च्या नियमांनी 100 किलोवॉट भार असलेल्या ग्राहकालाही बाहेरच्या सौर किंवा पवन प्रकल्पाची वीज थेट घेण्याची मुभा दिली, त्यामुळे मध्यम आकाराच्या कंपनीलाही आता ‘आमच्या हातात काय आहे’ म्हणता येत नाही.

लॅपटॉपचं गणित वेगळं आहे. त्याच्या आयुष्यातलं बहुतेक उत्सर्जन तो खोक्यातून बाहेर येण्याआधीच होऊन गेलेलं असतं: खाण, चिप, कारखाना, वाहतूक. तीन वर्षांनी बदलण्याऐवजी रॅम वाढवून, बॅटरी बदलून पाच वर्षं चालवला, तर खरेदी तेवढीच कमी होते. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही, खरेदी विभागाचा एक नियम बदलावा लागतो.

राहतो तो मोठा प्रश्न: कंपनीने बनवलेल्या वस्तूने दुसऱ्याचं डिझेल वाचलं, तर ते पुण्य कोणाच्या खात्यात? हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या जागतिक पद्धतीत तीन खाती असतात: स्वतः जाळलेलं इंधन, विकत घेतलेली वीज, आणि पुरवठादारांपासून ग्राहकांच्या वापरापर्यंतचं बाकी सगळं. दुसऱ्याचं वाचवलेलं उत्सर्जन यातल्या कुठल्याच खात्यातून वजा करता येत नाही. ते वेगळं सांगायचं असतं. सेबीने बाजारमूल्याने पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केला आहे. तो कोणालाही वाचता येतो. आपण जिथे काम करतो त्या कंपनीचा अहवाल उघडावा, विजेचं पान काढावं, एकूण युनिट आणि त्यातली स्वच्छ किती हे मागच्या वर्षाशेजारी ठेवून पाहावं, आणि विकलेल्या वस्तूंच्या वापराचा रकाना रिकामा असेल तर पुढच्या सभेत त्याबद्दल विचारावं.