स्टीलही थकते! पंपाचा व्हॉल्व्ह का तडकतो?

नांदेड-लातूर भागात मोटार रिवाइंडिंग व पंप दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. ‘स्टेनलेस स्टीलचा व्हॉल्व्ह, तरी तुटला कसा?’ हा गिऱ्हाइकाचा प्रश्न त्यांना नवा नाही.

स्टील सहजासहजी गंजत नाही, पण थकते. तार एकदा वाकवून तुटत नाही, वारंवार वाकवली की तुटते. वीज गेली की नळीतले पाणी उलटे धावते व नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप आदळते. सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी लोखंडी नळीत एकाएकी अडले, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १२ किलो जादा दाब येतो. अशा हजारो तडाख्यांनी ओरखडा, धारदार कोपरा किंवा वेल्डिंगच्या कडेपासून बारीक तडा सुरू होतो. खारे पाणी तो वाढवते.

यावर उपाय आहेत. पाणी उलटण्याआधीच मिटणारी स्प्रिंगची झडप घ्यावी. कोपरे गोल, पृष्ठभाग गुळगुळीत ठेवावा. खाऱ्या पाण्यासाठी ३०४ ऐवजी ३१६ दर्जाचे स्टील वापरावे. पंप वर काढला की झडपेला लाल पेनिट्रंट लावून, पुसून, पांढरा डेव्हलपर फवारावा; तडा असेल तर लाल रेघ उमटते.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात बंद पंप म्हणजे वाळलेले पीक. तडकलेली झडप घासूनपुसून पुन्हा बसवू नये. मालातला दोष गिऱ्हाइकाला सांगणे ही इस्लामची शिकवण आहे, आणि धंद्याची खरी पतही त्यातच आहे.